थायलंडच्या बेटांवर स्कूटर भाड्याने घ्यावी का?

दर्यादिल:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बायको थायलंडला जातोय. आधी को समुई, मग फेरीबोटीने को फांगन, असा बेत आहे. दोन्हीकडे स्कूटर भाड्याने घेऊन मनसोक्त हिंडायचं असं डोक्यात आहे. हॉटेलवाले दिवसाला २५० बाट सांगतायत. टॅक्सीच्या एका फेरीला त्याहून जास्त जातात असं वाचलं.

बायको रोज गियरची मोटरसायकल चालवते. तिच्याकडे मोटरसायकल आणि कार दोन्हींचं लायसन्स आहे. माझ्याकडे फक्त कारचं आहे. स्कूटर मी फारशी चालवलेली नाही, पण तिकडच्या सगळ्या ऑटोमॅटिक असतात, तेव्हा जमेल असं वाटतं.

रस्ते कसे आहेत? दुकानदार पासपोर्ट ठेवून घेतात म्हणे, तो द्यावा का? पोलीस अडवतात का? आणि मुळात घ्यावी की नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भटकी_मांजर:
डोळे झाकून घ्या! (चालवताना मात्र उघडे ठेवा.) स्कूटरशिवाय बेट म्हणजे हॉटेल आणि समोरचा किनारा, बास. स्कूटर असली की वाटेत दिसेल त्या पाटीपाशी वळता येतं. समुईत नामुआंग धबधब्याकडे जाताना मध्येच एका नारळीच्या बागेतून कच्ची वाट गेली होती, तिच्या टोकाशी एक रिकामा किनारा निघाला. टॅक्सीने कोण नेणार तिथे?

घाटवळण:
"घ्यावी का" याला एक उत्तर नाही. कुठल्या बेटावर, ते आधी बघा. लोक "थायलंडची बेटं" असं एका दमात म्हणतात, पण रस्त्यांच्या बाबतीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

समुईला बेटाभोवती ४१६९ क्रमांकाचा रस्ता आहे, साधारण ५० किमीचा. बहुतेक सपाट, डांबर चांगलं, गाड्या डाव्या बाजूने, म्हणजे आपल्याला ती सवय मोडावी लागत नाही. त्रास रहदारीचा. चावेंग आणि लमाईच्या मध्ये टेकडीचा टप्पा आहे, तिथे ट्रक आणि मिनीव्हॅन वेगात येतात आणि पर्यटक समुद्र बघायला कडेला अचानक थांबतात. रिंगरोड सोडून डोंगरात घुसलात की मात्र चढ एकदम अंगावर येतात.

फांगनचं उलट आहे. थोंग सालाच्या धक्क्यापासून बान ताईपर्यंत आरामात जाल. त्याच्या पुढे हाड रिनपर्यंतचा पट्टा म्हणजे खडा चढ, खडा उतार, पुन्हा खडा चढ. फुल मून पार्टी हाड रिनलाच असते, त्यामुळे रात्री त्याच उतारावर दारू प्यायलेले नवखे लोक चाललेले असतात. माझ्या मते त्या रस्त्यावर स्कूटर नकोच, तिथे जायला साँगथ्यू, म्हणजे मागे बाकं टाकलेले पिकअप, सहज मिळतात.

को ताओ लहान आहे, पण पूर्वेकडच्या खाड्यांचे रस्ते इतके उभे की मागे माणूस बसवून स्कूटर चढत नाही. को चांग बेटावर उत्तरेकडे धक्क्यावरून व्हाइट सँड किनाऱ्याकडे जाताना केसाच्या पिनेसारखी वळणं आहेत. फुकेत तर एक मोठा जिल्हाच आहे, महामार्गाची रहदारी, आणि पातोंगची टेकडी वेगळीच.

नवख्यांना मी को लांता सुचवतो. पश्चिम किनाऱ्याने एकच सरळ रस्ता, रहदारी कमी. शेवटच्या टोकाला राष्ट्रीय उद्यानाकडे जाताना चढ लागतो, तोवर हात बसलेला असतो.

काही_होत_नाही:
इतकं टेन्शन कशाला? लाखो लोक चालवतात. लायसन्स कोणी विचारत नाही, दुकानवाला तर अजिबात नाही. पोलिसांनी धरलं तर ५०० बाटची पावती फाडतात आणि त्या पावतीवर पुढचे तीन दिवस कोणी परत पकडत नाही. स्वस्तातलं तात्पुरतं लायसन्सच म्हणा ना.

कलमवार:
@काही_होत_नाही, तुमचा अनुभव खरा असेल, पण हा सल्ला कोणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पावती दाखवून एखाद्या हवालदाराने पुन्हा दंड केला नाही, इतकंच त्यातून मिळतं. पावती म्हणजे लायसन्स नव्हे. आणि दंड हा या प्रकरणातला सगळ्यात लहान खर्च आहे.

मी विमा दाव्यांच्या क्षेत्रात काम करतो. प्रवास विम्यात बहुतेक वेळा अट असते की वाहन चालवताना त्या देशात वैध असलेलं लायसन्स तुमच्याकडे हवं. हेल्मेट हवं. दारू नको. काही पॉलिसींत इंजिनाची मर्यादाही असते, १२५ सीसी किंवा तशीच काही, आणि तिकडे १५० ते १६० सीसीच्या स्कूटर सर्रास भाड्याने मिळतात. यातली एक अट मोडली की दावा नाकारायला कारण मिळतं. मग हाड मोडल्यावर खाजगी रुग्णालयाचं बिल स्वतःच्या खिशातून.

आता लायसन्सचं. भारत आणि थायलंड दोघेही १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारात आहेत, त्यामुळे आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. अर्ज ४अ भरायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत ठेवायचं, नुसता परवाना पुरत नाही. त्या पुस्तिकेत वाहनांचे वर्ग असतात: 'ए' म्हणजे मोटरसायकल, 'बी' म्हणजे कार. तुमच्याकडे फक्त कारचं लायसन्स असेल तर शिक्का 'बी'वरच बसणार. थायलंडच्या कायद्यात ११० सीसीची स्कूटरही मोटरसायकलच आहे. म्हणजे @दर्यादिल, तुमचा परवाना समोर धरूनही तुम्ही विनालायसन्सच चालवत असाल.

वहिनींचा 'ए' शिक्का बसेल. तेव्हा कायद्याने या घरात स्कूटर कोण चालवणार ते ठरलेलंच आहे.

भटकी_मांजर:
@दर्यादिल, मागची सीट मस्त असते. फोटो तिथूनच चांगले येतात. :)

साखरझोप:
हाहा, वहिनी पुढे, दादा मागे, आणि कॅमेरा दादांच्या गळ्यात. घरात शांतता.

काही_होत_नाही:
@कलमवार, ठीक, विम्याचा मुद्दा मान्य. पण भाड्याच्या गाडीला विमा असतोच की! दुकानवाला सांगतो, "इन्शुरन्स, यस यस".

कलमवार:
तो "यस यस" बहुतेक वेळा सक्तीच्या विम्याबद्दल असतो. तिकडे त्याला पोर रोर बोर म्हणतात आणि तो प्रत्येक नोंदणीकृत गाडीला लागतोच. पण तो माणसांच्या इजेसाठी आहे. भाड्याच्या स्कूटरचं नुकसान किंवा तुम्ही ठोकलेल्या कारचं नुकसान त्यात येत नाही. आणि माणसांसाठीही रक्कम मर्यादित आहे: चूक कोणाची याचा निकाल लागण्याआधी उपचाराला ३०,००० बाटपर्यंत, चूक तुमची नसेल तर ८०,००० पर्यंत. चूक चालकाची निघाली तर त्याला त्या पहिल्या ३०,००० वरच थांबावं लागतं. शस्त्रक्रिया लागली तर हे पैसे केव्हाच संपतात.

म्हणून दुकानात "विमा आहे का" असं विचारू नका. "गाडीचं नुकसान झालं तर मला जास्तीत जास्त किती भरावे लागतील आणि ते कुठे लिहिलंय" असं विचारा. फुकेत-समुईला काही दुकानं जास्तीचे पैसे घेऊन गाडीचा विमा देतात, पण तो कागदावर असला पाहिजे.

टाके_आणि_पट्ट्या:
मी अस्थिशल्य विभागात परिचारिका आहे. मला हा धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझं मत विचाराल तर, ज्याला घरी दुचाकीची सवय नाही त्याने सुट्टीत ती शिकू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमधल्या रस्त्यांवरच्या मृत्यूंपैकी ७४ टक्के दुचाकी-तीनचाकीवरचे लोक होते. त्यात स्थानिक लोकच बहुसंख्य असणार हे उघड आहे, पण रस्ता तोच आहे ना.

मोठे अपघात सोडा. मला जास्त बोलायचंय ते लहान पडण्याबद्दल. हाफ पँट, बनियन, सपाता, वेग ३० चा, वाळूवरून पुढचं चाक घसरतं आणि गुडघा, कोपर, तळहात सोलवटतात. घरी ही जखम आठवड्यात वाळते. दमट हवेत, वाळूत, समुद्राच्या पाण्यात ती चिघळते. आणि पोहणं, डायव्हिंग सगळं बंद. ज्यासाठी बेटावर गेलात तेच गेलं. पूर्ण पँट, बूट, पातळ का होईना पण लांब बाह्यांचं जाकीट, इतकं तरी घालाच. उकडेल. उकडू दे.

पडलात तर जखमेतली वाळू आधी भरपूर स्वच्छ पाण्याने काढायची. ती आत राहिली की जंतुसंसर्ग होतो आणि कातडीवर काळे ठिपके कायमचे राहतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते निघण्याआधी तपासा.

साखरझोप:
ताई, आणि त्या सायलेन्सरच्या भाजण्याचं काय? आमच्या ग्रुपमधल्या दोघींच्या पोटरीवर एकसारखा डाग होता. तिकडे त्याला "थाई टॅटू" म्हणतात.

टाके_आणि_पट्ट्या:
हो, तो फार बघायला मिळतो. सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून उतरताना नेहमी डाव्या बाजूने उतरायचं. मागे बसणाऱ्याने तर विशेष लक्ष द्यावं. भाजलंच तर २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. फोड फोडायचा नाही.

लांबपल्ला:
पासपोर्टचा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो. मूळ पासपोर्ट देऊ नका. दुकानदाराशी वाद झाला की तो त्याच्या हातातला हुकमाचा पत्ता होतो: पैसे द्या, मग पासपोर्ट. विमान चुकणार या भीतीने माणूस काहीही देतो. बऱ्याच ठिकाणी २००० ते ५००० बाट रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स चालते. "फक्त मूळच हवा" म्हणणारं दुकान सोडून पुढच्यात जायचं. समुई-फांगनला दर पन्नास पावलांवर दुकान आहे.

दुसरं, व्हिडिओ. गाडी ताब्यात घेताना दुकानदाराच्या समोर, त्याला दिसेल असा, सावकाश व्हिडिओ काढायचा. आरसे, ब्रेकच्या दांड्या, सीटखालची बाजू, सायलेन्सरचं कव्हर, चाकांच्या रिम, प्लास्टिकची खालची कड. लोक वरचे ओरखडे टिपतात आणि खालची कड विसरतात. आम्ही गाडी परत केली तेव्हा दुकानातल्या माणसाने गुडघे टेकून बरोब्बर ती कडच दाखवली आणि आख्खा पॅनेल बदलण्याचे पैसे मागितले. व्हिडिओत तो ओरखडा पहिल्या मिनिटातच होता. त्याने बघितला, अनामत मोजून परत दिली, हसून हात मिळवला. आवाज न चढवता मिटलं.

तसं मिटलं नाही तर ११५५ वर फोन करा, पर्यटक पोलिसांचा क्रमांक आहे, इंग्रजी बोलतात. अपघातात रुग्णवाहिकेसाठी १६६९.

आणि एक: समुईची गाडी फेरीत घालून फांगनला न्यायचा विचार असेल तर करार वाचा. बहुतेक दुकानं बेटाबाहेर गाडी न्यायला मनाई करतात. प्रत्येक बेटावर वेगळी घ्या.

पाऊसपाणी:
कोणाचं लक्ष गेलं नाही का? @दर्यादिल, तुम्ही नोव्हेंबरचा शेवट म्हणताय आणि बेटं समुई, फांगन! रस्ते आणि लायसन्स नंतर, आधी आभाळ बघा.

थायलंडच्या दोन किनाऱ्यांचे पावसाळे वेगळे आहेत. अंदमान समुद्राकडच्या फुकेत, क्राबी, लांताला नैर्ऋत्य मोसमी पाऊस, मे ते ऑक्टोबर. थायलंडच्या आखाताकडच्या समुई, फांगन, ताओला तो डोंगरांमुळे कमी लागतो. पण ऑक्टोबरपासून वारे ईशान्येकडून येतात, आखातावरून बाष्प उचलतात आणि या बेटांवर ओततात. समुईत वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस नोव्हेंबरातच पडतो. लोक "डिसेंबर जवळ आला म्हणजे सीझन" असं समजून तिकिटं काढतात आणि खोलीत पत्ते खेळत बसतात.

स्कूटरच्या दृष्टीने तर फारच वाईट. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, रंगवलेले पांढरे पट्टे निसरडे होतात, उतारावरून लाल माती आणि खडी वाहून वळणावर बसते. फेरीबोटीही वादळी हवेत रद्द होतात.

त्याच आठवड्यात अंदमानच्या बाजूला पाऊस ओसरलेला असतो. तिकिटं बदलता येत असतील तर क्राबी-लांता बघा. @घाटवळण यांनी लांताच सुचवलंय, ते वेगळ्या कारणाने, पण दोन्ही कारणं एकाच बेटाकडे बोट दाखवतायत.

घाटवळण:
अगदी! तारखा माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. अनुमोदन.

उंडगा:
अवांतर: आम्ही व्हिएतनामच्या फु क्वोकला जाणार आहोत, तिथेही हाच परवाना चालेल ना?

कलमवार:
नाही. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा परवाना मानतो, आपला १९४९ चा आहे. आपला परवाना तिथे वैध धरत नाहीत. फु क्वोकला मोठी मोटरसायकल चालवलीत तर वरचं सगळं विम्याचं पुराण तुम्हालाही लागू. ड्रायव्हरसकट गाडी करा.

भटकी_मांजर:
आणि ज्यांना कुठलाच वाद नको त्यांनी इंडोनेशियातल्या गिली बेटांवर जावं. तिथे मोटारगाड्याच नाहीत. सायकल आणि घोडागाडी. घोड्याला 'ए' शिक्का लागत नाही. :)

उंडगा:
घोड्याला विचारून बघतो!

रमतगमत:
मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. सगळे स्कूटर की टॅक्सी एवढंच बोलतायत. @दर्यादिल यांच्याकडे कारचं लायसन्स आहे, मग छोटी कार का नाही? समुई किंवा लांताला कार मिळते, 'बी' शिक्का पुरतो, पाऊस आला तरी चिंता नाही, पोहण्याचं सामान मागे टाकता येतं. भाडं स्कूटरच्या चौपट-पाचपट पडेल, पण दोघांत विभागलं तर रोज टॅक्सी करण्यापेक्षा स्वस्त. ग्रॅब, बोल्टची ॲपही समुई आणि फुकेतला चालतात.

भटकी_मांजर:
कार लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल. लांताच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या बोळांत स्कूटर आरामात जाते, कारला वळायला जागा नसते. आणि चेहऱ्यावर वारा नाही तो प्रवास बेटावरचा नाही, हे माझं ठाम मत.

टाके_आणि_पट्ट्या:
माझं मत @रमतगमत यांच्या बाजूने. वारा काच खाली करूनही येतो.

घाटवळण:
माझ्या मते दोन्ही मिसळा. जवळपास स्कूटर, लांबचा पल्ला किंवा पावसाचा दिवस असेल तर गाडी सांगा. रात्री तर स्कूटर नकोच. दिवे नसलेले रस्ते, मधोमध झोपलेले कुत्रे, आणि समोरच्याने किती घेतलीय ते कळत नाही. तिकडे दारूची मर्यादा रक्तात ०.०५ टक्के आहे, लायसन्स नसलेल्या किंवा वीसच्या आतल्या चालकाला ०.०२. जेवताना एक बिअर घेतली तरी किल्ली खोलीत ठेवा.

दर्यादिल (आयडी त्याचा, लिहिते मी, त्याची बायको):
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा आम्ही दोघांनी शेजारी बसून वाचला. मीच चालवणार हे माझ्या मनात आधीपासून होतं, कलमवारांनी ते कायद्यात बसवून दिलं!

माझी शंका वेगळी आहे. मी रोज गियरची गाडी चालवते. उतारावर गियर खाली टाकून इंजिनावर गाडी रोखायची सवय आहे. ऑटोमॅटिकला तर गियरच नाही. मग लांब उतारावर नवरा मागे बसलेला असताना काय करायचं? नुसत्या ब्रेकवर?

घाटवळण:
वहिनी, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि गियरवाल्यांनाच पडतो, कारण त्यांना माहीत असतं काय हरवलंय ते.

ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये पट्टा आणि सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय तोवर हा क्लच आपोआप धरतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि वेग फार कमी झाला की क्लच सुटतो, आणि उतारावर गाडी मोकळी धावायला लागते. नवख्यांना वाटतं ब्रेक गेले. उपाय असा: उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा, पण क्लच सुटेल इतका नाही. मोकळी धावतेय असं वाटलं तर ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा, क्लच पुन्हा धरतो आणि इंजिनाची रोख जाणवते. त्याच्या जोडीला दोन्ही ब्रेक, दाबून सोडून, दाबून सोडून. सतत दाबून धरला तर मागचा ड्रम ब्रेक तापतो आणि धरेनासा होतो.

तुमच्यासाठी याहून मोठा धोका डाव्या हाताचा आहे. तुमच्या गाडीला डावीकडे क्लच असतो. स्कूटरला तिथे मागचा ब्रेक. घाईच्या क्षणी हात सवयीने क्लच म्हणून डावी दांडी गच्च आवळतो, मागचं चाक अडकतं, गाडी फिरते. आणि उजवा पाय नसलेला ब्रेक शोधत राहतो. होंडा क्लिकसारख्या काही मॉडेलमध्ये डावी दांडी दाबली की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, पण त्यावर विसंबू नका. पहिली सकाळ रिकाम्या रस्त्यावर एकटीनेच काढा, मागे कोणी नको, आणि मुद्दाम जोरात ब्रेक लावून बघा. हाताला नवी जागा शिकवायला वेळ लागतो.

वाळू असेल तिथे पुढचा ब्रेक हलकाच. वळणात वाळू दिसली तर ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा.

गियरशिवाय अगदीच चैन पडत नसेल तर होंडा वेव्ह मागा. पायाचे चार गियर, क्लचची दांडी नाही. उतारावर खाली टाकता येतो, अगदी घरच्यासारखा.

पाऊसपाणी:
वेव्हबद्दल +१. चढावरही ती पहिल्या गियरमध्ये दोघांना घेऊन जाते.

टाके_आणि_पट्ट्या:
वहिनी, हा सराव ठरवून करा, गप्पांत राहून जाऊ देऊ नका. आणि हेल्मेट दोघांनाही. कायदाही तसाच आहे, मागच्यालाही सक्ती आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २००० बाट केलीय. दुकानातली हेल्मेटं बहुतेक वेळा पातळ टोपल्या असतात. घालून पट्टा आवळा, डोकं जोरात हलवा. हेल्मेट फिरलं तर दुसरं मागा. तेही फिरलं तर दुसरं दुकान. शक्य असेल तर स्वतःचं घेऊन जा.

काही_होत_नाही:
इतकं वाचून मीही परवान्याचा अर्ज भरायला घेतलाय. आमचं जानेवारीत ठरतंय. धागा वाचनखूण करून ठेवला.

कलमवार:
@काही_होत_नाही, हे वाचून खरंच बरं वाटलं.

दर्यादिल:
आज दोन कामं झाली. विमान कंपनीला थोडा फरक देऊन समुईचं तिकीट क्राबीचं करून घेतलं. फांगनच्या हॉटेलची खोली फुकट रद्द होत होती, ती केली. आता सगळे दिवस को लांता. बायकोचा परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरला, आरटीओची तारीख मिळाली. मीही माझा 'बी'चा घेतोय, पाऊस आलाच तर एखादा दिवस कार.

विम्याची पॉलिसी काल बसून वाचली. मोटरसायकलचा उल्लेख अपवादांच्या यादीत होता, "वैध लायसन्स असल्यास" अशी सूट कुठेच नव्हती. कंपनीला लेखी विचारलं, उत्तर आलं की या पॉलिसीत दुचाकी चालवणं येतच नाही. दुसरी पॉलिसी बघतोय. कलमवार, तुमचे आभार कसे मानू.

लांताला क्राबी विमानतळावरून कसं जायचं आणि तिकडे पेट्रोलचं काय, एवढं कोणी सांगेल का?

लांबपल्ला:
विमानतळावरून मिनीव्हॅन मिळतात, त्या मुख्य भूमीवरून फेरीबोटीने लांता नोई या लहान बेटावर नेतात. तिथून पुढे मोठ्या बेटावर २०१६ पासून पूल आहे. दोन-तीन तास धरा. स्कूटर बेटावर पोचल्यावरच घ्या, सलादानमध्ये किंवा हॉटेलजवळ.

पेट्रोल: रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत विकतात, पंपापेक्षा महाग, अडचणीच्या वेळी ठीक. पंपावर गॅसोहोल (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ९१ किंवा ९५ सांगा. झाकण बहुतेक मॉडेलना सीटखाली असतं, ते कसं उघडतं हे दुकानातच विचारून घ्या. गाडी बहुतेक वेळा जवळजवळ रिकामी टाकी घेऊन मिळते, तेव्हा पहिला थांबा पंप.

कलमवार:
आणि आरटीओत पुस्तिका हातात मिळाली की तिथेच खिडकीपाशी उघडून बघा. वहिनींच्या 'ए'च्या चौकोनात शिक्का आहे का, नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का. घरी आल्यावर दिसलं तर दुरुस्तीला पुन्हा तारीख घ्यावी लागेल.